गळतीच्या पाण्याचा रंग कोणता?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात पहिल्या पानावर 'धरणाला गळती, ग्रामस्थ भयभीत' आणि आतल्या पानावर 'धरण सुरक्षित, अधिकाऱ्यांचा निर्वाळा'. धरण एकच. दोन्ही बातम्या चष्मा पुसून वाचल्या. पाणी नितळ येतेय की गढूळ, हे एकीतही नाही. मग छापलेत काय?

मातीचे धरण पाझरणारच, म्हणून तर पायथ्याला दगडी निचरा देतात. पाणी नितळ असेल आणि तलावाच्या पातळीबरोबर कमीजास्त होत असेल, तर फारसे घाबरायचे कारण नाही. पातळी तीच आणि पाझर वाढतोय, किंवा पाणी गढूळ झाले, तर भरावाची माती आतून वाहून चालली आहे असे समजावे. हे बघायला काचेची बाटली पुरते.

माझे रान गावतळ्याच्या भिंतीखालीच आहे. तीन वर्षांपूर्वी श्रावणात निचऱ्याच्या बरेच वर, ऐन उतारावर ओल दिसली. एरवी तिथे नुसती कुसळे. पाणी निचऱ्यातून न निघता उतारावर फुटणे हे लक्षण वाईट. सरबताच्या बाटलीत ते धरले आणि रात्रभर खिडकीत ठेवले. सकाळी तळाशी नखभर पिवळा गाळ. बाटली पिशवीत घालून एसटीने कचेरी गाठली. साहेब म्हणाले, "काका, मातीच्या धरणाला पाझर असतोच." अहो, मी वेगळे काय म्हणत होतो? पाझर मोजल्याची वही मागितली, तर शेवटची नोंद दोन पावसाळ्यांपूर्वीची. मोजायची व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराची खाच, बेशरमीच्या झुडपांत बुडालेली. त्या खाचेत पाण्याची उंची दुप्पट झाली, तर पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढते, म्हणजे बोटभर फरकही सोडून चालत नाही. महिन्याने परत गेलो, तर माझ्या बाटलीत मनीप्लांट! चांगला फुटला होता. उन्हाळ्यात ओल सुकली आणि 'तक्रार निकाली' असे पत्र आले.

आता तुमच्या बातमीतले पुढारी 'तलाव ताबडतोब रिकामा करा' म्हणतात. पाणी भसाभस उतरवले, तर भरावात मुरलेले पाणी तेवढ्या वेगाने निघत नाही, बाहेरच्या पाण्याचा आधार मात्र जातो आणि आतल्या अंगाचा उतार घसरू शकतो. तलाव बेताबेतानेच उतरवावा लागतो. पण बेताबेताने उतरवण्याच्या मागणीचा मोर्चा कोण काढणार?

काही विपरीत झालेच, तर खेकडे आहेतच म्हणा. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली, तेव्हा मंत्र्यांनी धरण पोखरल्याबद्दल त्यांचेच नाव घेतले होते. गळतीच्या तक्रारी मात्र त्याआधी माणसांनी केल्या होत्या.

ता. क. : त्याच बातमीत 'क्युसेक प्रतिसेकंद' छापले आहे. क्युसेक म्हणजेच दर सेकंदाला एक घनफूट, त्यात सेकंद आधीच आला. याबद्दल गेल्या पावसाळ्यातही मी पत्र टाकले होते, तेही बहुधा निकाली निघाले असावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार