स्वप्नपटाला धूर कशाला?

महोदय,

स्वप्नावरचा लघुपट म्हटला की धूर, निळा रंग आणि संथ गती ठरलेलीच. खरे तर स्वप्न पाहणाऱ्याला ते धूसर वाटत नाही. बिघडलेला असतो तो जागांचा क्रम. माजघराचे दार उघडावे आणि पुढे थेट पुळण लागावी, हा कट (दोन शॉटचा जोड) साधण्यासाठी दार ढकलण्याची क्रिया दोन्ही ठिकाणी पूर्ण चित्रित करून हात अर्ध्यावर असताना कापावी. लेन्स, कॅमेऱ्याची उंची, चालण्याचा वेग आणि दिशा जुळली नाही तर प्रेक्षकाला स्वप्न नव्हे, चूक दिसते.

आपल्या किनाऱ्यावर बिनखर्चाची युक्तीही आहे. पात्राला ओल्या वाळूत उलट्या पावलांनी चालवून चित्रण उलटे फिरवावे: माणूस पुढे जातो, लाटा मागे ओढल्या जातात, ठसे पायाखाली पुसले जातात. फक्त चौकटीत दुसरे कोणी माणूस वा पक्षी नको, नाहीतर बिंग फुटते. दुसऱ्या दिवशी उरलेले शॉट घेताना भरती साधारण 50 मिनिटे उशिरा येते, हे वेळापत्रकात धरावे.

घरात ट्यूबलाइट असेल तर कॅमेऱ्याच्या शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवावा. अन्यथा पट्टे लुकलुकतात. एसी खोलीतून दमट हवेत काढलेल्या लेन्सवर बाष्प धरते, म्हणून कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच असू द्यावा.

आवाजाकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्षच. समुद्राची गाज वेगळी ध्वनिमुद्रित करून माजघराच्या दृश्याखाली दार उघडण्याआधीच हलकी सुरू करावी. माइकला केसाळ वाराकवच हवेच.

– लघुपट तंत्रज्ञ, रत्नागिरी