म्हापशाच्या बाईंस, पाठकोऱ्या कागदांबद्दल

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

आमच्या वाचनालयातलं रविवारचं पोर्तुगीज कवितांचं वाचन पार पडलं. घरी येऊन लगेच फोन केला होता, पण तुम्ही नेहमीप्रमाणे ‘आभारबिभार नाका’ म्हणून ठेवून दिलात. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. आता फोन ठेवायची सोय नाही, ऐकून घ्यावंच लागेल. नाव मात्र घालत नाही. तेवढी तंबी लक्षात आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. बाई म्हापशाच्या, पूर्वी शाळेत पोर्तुगीज शिकवायच्या. मी सावंतवाडीचा, उभा जन्म बँकेत कारकुनी केली. कवितेशी संबंध शाळेतल्या पाठांतरापुरता. निवृत्तीनंतर एकदा इंग्रजीतून फर्नांडो पेसोआ या पोर्तुगीज कवीचं गद्य हाती आलं. त्यात बर्नार्दो सोआरेस नावाचा एक मदतनीस हिशेबनीस, लिस्बनमधल्या दोरादोरिस नावाच्या रस्त्यावर त्याची कचेरी, वास्केस नावाचा साहेब. खतावणीत आकडे भरता भरता तो खिडकीबाहेर बघतो आणि जे मनात येतं ते लिहून ठेवतो. मला धक्काच बसला. इतकी वर्षं आमच्या काउंटरमागे बसून मला जे वाटत होतं आणि कुणाला सांगायची लाज वाटत होती, ते या माणसानं लिहून ठेवलं होतं. पेसोआ स्वतःही लिस्बनच्या व्यापारी पेढ्यांसाठी इंग्रजी-फ्रेंच पत्रव्यवहार करून पोट भरायचा. त्याच्या हयातीत पोर्तुगीजमधलं एकच पुस्तक निघालं, १९३४ साली. पुढच्या वर्षी ३० नोव्हेंबरला माणूस गेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी. मागे एक ट्रंक, आणि तिच्यात पंचवीस हजारांहून जास्त कागद.

एवढं कळल्यावर मूळ भाषेत ते कसं वाजतं ते ऐकावंसं वाटलं. वाचायला नाही, ऐकायला. गोवा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, म्हटलं कुणीतरी भेटेलच.

भेटले की! एका संस्थेत विचारलं, तर समोरच्या बाईसाहेबांनी माझ्या केसांकडे बघून विचारलं, ‘आजोबा, या वयात तुम्हाला याचा उपयोग काय?’ एक विद्वान गृहस्थ ‘नक्की बसू, नक्की बसू’ म्हणत राहिले, मग एक लिंक पाठवून मोकळे झाले. लिंक उघडतही नव्हती. आणखी एकानं तासाचा दर सांगितला, आधी पैसे, वर ‘कविता असेल तर जास्त पडतील.’ या कुणाचाच मला राग नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? आहे. ‘वेळ नाही’ म्हणाले असते तर समजलो असतो. पण कारकुनाला कविता कशाला लागते, हा जो सूर होता ना, तो अजून बोचतो.

आणि मग तुम्ही. कुणाच्या तरी ओळखीनं नंबर मिळाला. भीतभीत फोन लावला, म्हटलं पेसोआबद्दल विचारायचं होतं. तुम्ही वय विचारलं नाहीत, शिक्षण विचारलं नाहीत, कशासाठी तेही विचारलं नाहीत. पलीकडून ताडकन प्रश्न आला: ‘खंयचो पेसोआ? ते चार जाण आसात न्हय?’

त्या एका प्रश्नानं मी तुमचा विद्यार्थी झालो. पेसोआ वेगवेगळे कवी कल्पून त्यांच्या नावानंही लिहायचा. पुढे तुम्ही एकेकाला समोर उभा केलात. मेंढरांविषयी लिहिणारा, पण मेंढरं न पाळणारा आल्बेर्तो कायेरो. रोमन कवी होरेसच्या वळणानं मोजूनमापून लिहिणारा डॉक्टर रिकार्दो रेइस. ग्लासगोत शिकलेला, आरडाओरडा करणारा इंजिनीअर आल्व्हारो द काम्पोस. आणि चौथा खुद्द पेसोआ. ही नुसती टोपणनावं नव्हेत, प्रत्येकाची जन्मकुंडली वेगळी, मतं वेगळी. कारकुनाच्या डोक्यात हे एकदम बसलं: खातं एक, पण खातेदार चार, आणि चौघांच्या नमुना सह्या वेगवेगळ्या. हे ऐकून तुम्ही खूप हसला होतात. १९३५ च्या जानेवारीत पेसोआनं एका समीक्षकाला पत्रात लिहिलं, की ८ मार्च १९१४ ला उंच कपाटाशी उभ्यानं त्यानं कायेरोच्या तीसेक कविता एका दमात लिहिल्या. पुढे अभ्यासकांनी हस्तलिखितं तपासली, तर तसं काही दिसेना. मी म्हटलं, म्हणजे थापा मारल्या? तुम्ही म्हणालात, ‘तो कवी, साक्षीदार न्हय.’

पण हे पत्र मी ज्यासाठी लिहितोय ते वेगळंच आहे.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. बारीक अक्षर दिसायचं नाही, हे मी बोलण्याच्या ओघात कधीतरी म्हणून गेलो असेन. तक्रार म्हणून नव्हे. काही दिवसांनी पोस्टमन एक जाडजूड पाकीट देऊन गेला. आत पाठकोरे कागद. त्यांच्यावर जाड काळ्या पेनानं, अंगठ्याएवढ्या अक्षरांत, देवनागरीत लिहिलेली पेसोआची ‘तबाकारिया’. अनुनासिक जिथं जिथं येतं तिथं चंद्रबिंदू. जिथं श्वास घ्यायचा तिथं लाल पेन्सिलीची उभी रेघ. एका कडव्याशेजारी समासात ‘हांगा घाय नाका’, इथं घाई नको. लांबलचक कविता ती. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं, जिचा स्वतःचा हात थरथरतो, ती एका अनोळखी माणसासाठी आख्खी उतरवून काढली. आणि कागदांच्या मागे काय, तर तुमच्या शाळेच्या जुन्या पोर्तुगीजच्या प्रश्नपत्रिका, सायक्लोस्टाइल केलेल्या. क्रियापदं चालवा, गुण पाच.

पेसोआही पेढ्यांच्या छापील कागदांवर, पाकिटांवर, हाताला येईल त्या चिठोऱ्यांवर लिहायचा. ते बहुतेक सगळं आता लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. तुमचे कागद माझ्या कपाटात, बँकेच्या जुन्या फायलीत, पंच करून. हसू नका.

‘तबाकारिया’ म्हणजे तंबाखूचं दुकान. १९२८ ची, काम्पोसच्या नावावरची कविता. एक माणूस माडीवरच्या खोलीतून समोरच्या दुकानाकडे बघत बसलाय. आपण कुणीच नाही, कधी कुणी होणारही नाही, या विचारानं पोखरून गेलेला. सगळं फुकट, सगळं निरर्थक. तेवढ्यात दुकानातून एक ओळखीचा माणूस सुट्टे पैसे खिशात टाकत बाहेर पडतो. वळतो, याला बघतो, हात करतो. हा ओरडून त्याच्या नावानं निरोप देतो. जग पुन्हा जागेवर येतं आणि दुकानदार हसतो. बस, संपली कविता. तुम्ही तिथं एक नव्हे, दोन लाल रेघा मारल्या होत्या. रविवारी वाचताना मी त्या दोन रेघांवर थांबलो, आणि खरं सांगतो, पुढचं वाचायला आवाज गोळा करावा लागला. समोर आमचे देसाई, टेलर, दोन निवृत्त मास्तर आणि तीन कॉलेजची पोरं. एकाला पोर्तुगीजचा गंध नाही. पण कुणी हललं नाही.

म्हापशाची ती दुपारही लिहून ठेवतो. शुक्रवार होता, बाजाराची गर्दी, मी बस बदलत घामाघूम होऊन आलो. तुम्ही ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होतात. उठला नाहीत. म्हणालात, बसा, आज जुआंव काब्राल. आणि हात न थांबवता ती कविता सांगितलीत, ब्राझीलच्या या कवीच्या १९६६ च्या संग्रहातली, घेवडा निवडण्यावरची. दाणे पाण्यात टाकायचे, जे तरंगेल ते फेकून द्यायचं. शब्दही तसेच कागदावर टाकायचे, हलके ते काढायचे. पण दाणे निवडताना भीती असते ती खडा राहून जायची, दाताखाली यायची. शब्दांचं मात्र उलट. तो एखादा खडा राहू द्यावा, वाचणारा तिथं अडखळतो आणि जागा होतो. एवढं बोलून तुम्ही सुपातला एक खडा चिमटीत धरून मला दाखवलात आणि अंगणात भिरकावलात. ‘हो मात उडोवपाचो!’ हा मात्र फेकायचाच.

काब्राल परराष्ट्र खात्यात नोकरीला, आयुष्यभर डोकेदुखीनं हैराण, इतका की त्यानं अॅस्पिरिनच्या गोळीवर कविता लिहिली, सूर्य म्हणून! माझ्या पत्नीला अर्धशिशी होती. ती असती तर तिला ही कविता सगळ्यांत आवडली असती.

खड्यावरून दगडावर आलो. कार्लोस द्रुमोंद दे आंद्रादे, १९०२ चा जन्म, ब्राझीलच्या मिनास जेराइसमधल्या इताबिरा या लोखंडाच्या गावचा. हाही सरकारी नोकर, शिक्षणमंत्र्यांच्या कचेरीत वर्षानुवर्षं. १९२८ मध्ये त्यानं दहा ओळींची कविता छापली, वाटेच्या मधोमध एक दगड होता, एवढंच उलटसुलट सांगणारी. लोकांनी टर उडवली, याला काय कविता म्हणतात म्हणून. पठ्ठ्यानं ती सगळी टवाळी, टीका, नकला गोळा केल्या आणि १९६७ साली त्यांचं चक्क पुस्तक काढलं. मी त्या लिंकवाल्या विद्वानांबद्दल कुरकुर केली, तेव्हा तुम्ही हेच सांगितलंत आणि म्हणालात, ‘तुमी फायल करात.’ त्याचा शेवट सांगताना मात्र तुमचा आवाज उतरला होता. १९८७ च्या ऑगस्टमध्ये त्याची एकुलती मुलगी गेली आणि बारा दिवसांत हा गेला. त्यावर तुम्ही काही भाष्य केलं नाहीत. ‘आयज इतलें पुरो’ म्हणून वही मिटलीत.

वाचनाच्या आधी आमच्या आळीत एकानं अडवलं होतं. पोर्तुगिजांची कविता कसली वाचता, त्यांनी आपल्या देवळांचं काय केलं ते विसरलात? प्रश्न खोटा नाही. मी तो तुमच्यापुढे ठेवला, कारण तुम्ही ते राज्य डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही चिडला नाहीत. विचारलंत, लक्ष्मणराव सरदेसाई वाचलेत का? सावईवेऱ्याचे, मराठीतले मोठे कथाकार, पोर्तुगीज सरकारनं तुरुंगात घातलेले. आणि त्याच माणसानं गोवा मुक्त झाल्यावर, साठच्या दशकात, पोर्तुगीजमध्ये कविता लिहिल्या. भाषेशी त्यांचं भांडण नव्हतंच. मग पोर्तुगालची कवयित्री सोफिया दे मेलो ब्रेयनर काढलीत. समुद्राच्या इतक्या स्वच्छ कविता लिहिणारी ही बाई हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत राजकीय कैद्यांच्या बाजूनं उभी राहिली. २५ एप्रिल १९७४ ला ती राजवट कोसळली, त्यावरची तिची कविता चार ओळींची आहे: हीच ती पहाट, जिची मी वाट पाहत होते. ‘आमचो वाट पळोवप १९६१ त सोंपलो, तिचो आनीक तेरा वर्सां चल्लो,’ असं म्हणालात. आमचं वाट पाहणं १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला तेव्हा संपलं, तिचं आणखी तेरा वर्षं चाललं. ते मी आळीतल्या गृहस्थांना जसंच्या तसं ऐकवलं. ते रविवारी आले नाहीत, पण वाद घालायचे थांबले.

लोकांना सगळ्यांत लागली ती ब्राझीलची कवयित्री सेसिलिया मैरेलिस. बाप तिच्या जन्माआधी गेला, आई ती तीन वर्षांची असताना, आजीनं वाढवलेली. गांधीजी गेले तेव्हा तिनं शोकगीत लिहिलं. १९५३ साली ती भारतात आली, आणि त्या प्रवासातल्या कवितांचं पुस्तकच झालं. त्यातली झाडू मारणाऱ्या बाईची कविता वाचली मी. उकिडवी बसलेली, वाकलेली, पोरसवदा आणि म्हातारी एकाच वेळी. तिच्या जुन्या साडीची बारीक सोनेरी किनार धुळीत काहीतरी लिहीत जाते. रोज आपल्या दारासमोरून जाणारी बाई, आणि ती दिसायला रिओची पाहुणी यावी लागली. आमचे टेलर नंतर त्या कागदाची झेरॉक्स मागायला आले. किनार म्हटल्यावर त्यांचा जीव अडकणारच.

मला उगीच वाटत असतं की चांगली माणसं आता उरली नाहीत. पण शांतपणे बघितलं तर बांद्याला माझी पिशवी उचलून देणारा कंडक्टर आहे, वाचनालयाचं कुलूप रविवारी स्वतःहून उघडणारा आमचा शिपाई आहे, पाकीट पावसात भिजू नये म्हणून शर्टाच्या आत धरून आणणारा पोस्टमन आहे. यांच्यातल्या कुणीही मला विचारलं नाही की याचा उपयोग काय. तो प्रश्न फक्त शिकलेल्यांनी विचारला.

माझं एक मत मात्र तुम्हाला पटवून घ्यावं लागेल: पेसोआचं ते १९३४ चं पुस्तक, राजे-खलाशांचं, मला जड जातं. तुम्ही कितीही बाजू घेतलीत तरी.

गणपती झाले की येतो. मोझांबिकच्या जुझे क्राव्हेरिन्याच्या, बायको गेल्यावर तिच्यासाठी लिहिलेल्या कविता घ्यायचं तुम्ही कबूल केलंय. कागद मी आणतो, बँकेतले पाठकोरे भरपूर आहेत. तुम्ही उतरवायचं नाही, नुसतं सांगायचं, उतरवून मी घेईन. आणि यावेळी स्टँडपर्यंतच्या रिक्षाचे पैसे मी देणार. मागच्या खेपेला तुम्ही रिक्षावाल्याला आधीच दिले होते, ते मला उतरल्यावर कळलं.

आपला नम्र,
एक निवृत्त कारकून, सावंतवाडी