दुसरी गोळी सुरू करण्याआधी

प्रिय आई-बाबा,
सा. न.

बाबा, काल फोनवर "दवाखान्यात बीपी १६२ आलंय, डॉक्टर दुसरी गोळी देणार म्हणतात" एवढं सांगून तुम्ही लगेच विषय बदललात. पण तुमची वही मी चाळली आहे. घरचे आकडे १२८, १३०, १२६. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधायला घेतला की तुमची मूठ कशी आवळली जाते, तेही पाहिलंय. म्हणून दुसरी गोळी घेण्याआधी डॉक्टरांना २४ तासांच्या बीपी तपासणीचं विचारा. पहिली मात्र चालूच ठेवा.

दंडाला पट्टा, कमरेला छोटं मशीन. दिवसा दर १५ ते ३० मिनिटांनी ते आपोआप बीपी मोजतं, रात्री जरा कमी वेळा. दिवसाची सरासरी १३५/८५ च्या खाली आली, तर दवाखान्यातला आकडा बहुतेक धास्तीचा. रात्रीचंही कळतं. झोपेत बीपी साधारण १० ते २० टक्के उतरायला हवं. कित्येकांचं उतरतच नाही, आणि घरच्या मशीनला त्याचा पत्ता नसतो. शिवाय पहाटे उठताना तुम्हाला गरगरतं. तेव्हा बीपी फारच खाली जात असेल, तर वर आणखी एक गोळी म्हणजे बाथरूममध्ये पडायला आमंत्रणच.

त्या दिवशी लोळत पडू नका, रोजचं सगळं करा. अंघोळ तेवढी आधी उरका. पट्टा फुगायला लागला की हात सैल सोडायचा आणि बोलायचं नाही. (एरवी आई बोलते तेव्हा जमतंच की तुम्हाला!) कधी झोपलात, गोळी कधी घेतली, गरगरलं कधी, तेवढं लिहून ठेवा.

आई, तू "मलाही लावा" म्हणू नकोस. तुझे ठोके अनियमित आहेत, त्यात या मशीनचे आकडे भरवशाचे येत नाहीत. रक्त पातळ करायच्या गोळीमुळे दंड काळानिळा होईल तो वेगळाच. तुझं बीपी डॉक्टर हातानेच दोन-तीनदा मोजतात, तेच बरं.

आणि दोघांनाही सांगते, बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलताना जीभ अडखळणं असलं, तर कसलं मशीन नि कसली वही! सरळ हॉस्पिटल गाठा, मला फोन नंतर.

तारीख ठरली की कळवा. त्या रात्री मी मुक्कामाला येते. पट्ट्याच्या घुर्रघुर्रीने बाबांची झोपमोड होणार, आणि त्यांची कुरकुर आईने एकटीने का ऐकायची?

तुमची,
ताई