मोहीम गाजलेल्या प्रकरणांपुरती नको

परदेशी तुरुंगांतील भारतीयांविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. कतारमध्ये नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांची फाशी टळली, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटकाही झाली. त्यांच्यामागे सारा देश उभा होता. पण खानदेशातून आखातात गेलेला एखादा गवंडी पकडला गेला, तर घरच्यांकडे त्याच्या पासपोर्टची झेरॉक्सही नसते आणि एजंट फोन उचलत नाही. वकिलातींच्या कामाविषयीच्या १९६३ च्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करारातील कलम ३६ नुसार अटकेतील परदेशी व्यक्तीला आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे, आणि तो तिला सांगणे तिथल्या पोलिसांवर बंधनकारक आहे. हे इथे कोणाला ठाऊक असते? जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवून देणारा एक कर्मचारी तरी नेमावा.

– एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)