एक कोंबडी आणि पाच जेवणं

आई, बाबा,

परवा फोनवर आई तू विचारलंस काय जेवलीस, मी म्हटलं चिकन, आणि तू एकदम गप्प झालीस. कळलं मला. जावयाचा जॉब जाऊन दोन महिने झाले आणि ही बाई चिकन खातीये! फोनवर सांगायला गेले तर बाबा मधेच बीपीच्या गोळीवर जातात, म्हणून लिहूनच पाठवतेय.

तर ऐका, इथे अमेरिकेत, आमच्या कोलंबसमधे कॉस्टको म्हणून कार्ड काढावं लागतं असं मोठं दुकान आहे, तिथे भाजलेली अख्खी कोंबडी 4.99 डॉलरला मिळते, कित्येक वर्षं तोच भाव, आणि वजन सव्वा-दीड किलोच्या घरात. कार्डाचे वर्षाला 65 डॉलर लागतात खरे, पण ते जॉब असतानाच भरलेले. बाहेर दोघं एकदा जेवलो तर त्या पैशात अशा सात-आठ कोंबड्या येतील, आता बोला.

शनिवारी आणते. त्या रात्री तंगड्या, भात आणि काकडीची कोशिंबीर, बास. जेवण झालं की हात न धुता लगेच उरलेली सोडवायला बसते, कारण कोमट असताना मांस हाडावरून आपोआप सुटतं, गार झाली की खरवडत बसा. सुरी लागतच नाही. पाठीच्या खालच्या बाजूला दोन खळगे असतात, त्यात सुपारीपेक्षा जरा मोठे असे दोन मऊ तुकडे, ते डब्यापर्यंत पोचत नाहीत (जावयाला सांगू नका). कातडी टाकून देते, मांस दोन डब्यांत.

रविवारी कोबी-गाजर परतून त्यात एक मूठ चिकन आणि पोळीत गुंडाळायचं. सोमवारी अख्खा मसूर, आपल्याकडे धाब्यावर असतो तसाच, फक्त शेवटी चिकनचे तुकडे टाकायचे, डाळीनेच पोट भरतं त्यामुळे चिकन थोडंसं पुरतं. आणि हाडं! हाडं टाकली तर तू मला घरात घेणार नाहीस. हळद, आलं, अर्धा कांदा घालून कुकरला पाऊण तास बारीक गॅसवर, गाळलं की झालं आपलं अळणी. रात्रभर फ्रीजमधे ठेवलं की सकाळी वर चरबीचा पांढरा थर धरतो, तो चमच्याने उचलून टाकते. मंगळवारी त्यातच पालक घालून मुगाची खिचडी आणि राहिलेल्याचा एकदा पांढरा रस्सा, नारळाचं दूध कमी आणि तीळ जास्त, कारण काजू महाग. पहिल्यांदा मी सवयीने मीठ घातलं आणि रस्सा तोंडात धरवेना, त्या कोंबडीत मीठ आधीच मुरवलेलं असतं. आता वरून चिमूटभरसुद्धा नाही. बाबा, तुम्हाला मात्र ही कोंबडी तशीही चालायची नाही, तुम्ही आपली साधी उकडलेलीच.

आता तुमच्यावर येते. बाबा, रविवारचा रस्सा रात्रभर ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी "उकळला की झालं" म्हणायचं, हे बंद करा की हो. उकळल्यावर जंतू मरतात पण काहींनी आधीच सोडलेलं विष तसंच राहतं. इथला सरकारी नियम सरळ आहे, शिजवलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमधे आणि तीन-चार दिवसांत संपवायचं, नाहीतर फ्रीजर. मोठं पातेलं तसंच नका ढकलू, छोट्या डब्यांत काढा म्हणजे लवकर गार होतं, आणि खाताना लागेल तेवढंच चांगलं वाफ येईपर्यंत गरम करा. आता दोघंच आहात तर अर्धा किलो चिकन आणा ना, चार माणसांचं पातेलं अजून कशाला चढवता?

आई, चटणी तळाला आलीये. कुणी येणार असेल तर अर्धा किलो दे, आणि तिखट जरा कमी कर, इथे जावई पाणी पीत बसतो. आणि या रविवारी रात्री फ्रीजमधल्या रश्श्याच्या डब्याचा फोटो पाठवा, मी वाट बघतेय.

तुमचीच,
बाळी