नाताळची फुलं आदल्या दिवशी मागू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका ताईंचं पत्र छापून आलं होतं, गेल्या नाताळला आदल्या संध्याकाळी चार दुकानं फिरल्या तरी मनासारखे लाल गुलाब मिळाले नाहीत, दुकानवाले मुद्दाम माल दाबून ठेवतात वगैरे. वाचून वाईट वाटलं. मी २२ वर्षं फुलांच्या दुकानात काम करतेय, ताईंचा वैताग मला कळतो, पण फूल दाबून ठेवता येत नाही हो. सिमेंटची गोणी असती तर ठेवली असती. आलेल्या दिवसापासून ते उमलतच असतं, आणि आमची सगळी धडपड असते ती ते नेमकं कुठल्या दिवशी उमलावं यासाठी.

पॉइन्सेटियाचंच बघा, कुंडीतलं ते लाल झाड, नाताळ म्हटलं की पहिली मागणी त्याची. त्यात लाल दिसतात ती पाकळ्या नसून पानंच असतात, खरी फुलं म्हणजे मधले बारीक पिवळे दाणे. त्या पानांना लाल रंग चढायला झाडाला रोज साधारण १४ तास मिट्ट काळोख लागतो, तोही सलग ८ ते १० आठवडे. रात्री कोणी दिवा चालू ठेवला की रंग मागे पडतो. म्हणजे डिसेंबरला झाड लाल हवं तर सप्टेंबरअखेर, फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याची काळोखाची पाळी सुरू झालेली असते आणि नर्सरीला किती कुंड्या हव्यात तो आकडा आम्ही त्याच्याही आधी दिलेला असतो. तेव्हा २३ तारखेला कोणी आणखी दहा कुंड्या मागितल्या तर त्या कुठून आणायच्या?

लिलीचं गणित दिवसांचं. २४ ला उमललेली हवी तर घट्ट कळी चार-पाच दिवस आधी पाण्यात जायला हवी, आणि खोली थंड असेल तर त्याहून आधी. ॲमरिलिसचा कांदा लावला की फूल यायला ६ ते ८ आठवडे. कापलेला गुलाब कोल्ड रूममध्ये थोडे दिवस टिकतो, पण उगाच जास्त भरून ठेवला तर उरलेला सगळा कचऱ्यात जातो, म्हणून ऑर्डर हातात असेल तेवढाच आणि वर थोडासा, असा माल घेतो आम्ही.

कोल्ड रूमवरून एक सांगते, कारण ती चूक माझी होती. काही वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात जागाच नव्हती म्हणून भेटीच्या टोपल्यांसाठी आणलेल्या सफरचंदांची पेटी मी फुलांच्या शेजारी ठेवली. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही. दोन दिवसांनी दार उघडलं तर बादलीतली सगळी कार्नेशन डोळे मिटल्यासारखी, पाकळ्या आत वळलेल्या, पाणी बदललं, दांडे पुन्हा कापले, काही उपयोग झाला नाही. त्या दिवशी दोन ऑर्डरींना मला नाही म्हणावं लागलं आणि त्यातली एक चर्चची होती, ते अजून मनातून जात नाही. तेव्हापासून फळं बाहेरच. बादल्यासुद्धा सीझनच्या आधी ब्लीच घालून ब्रशने घासतो, कारण तळाशी जो बुळबुळीत थर बसतो त्यातले जंतू दांड्याची तोंडं बंद करतात आणि मग ताजं फूलसुद्धा मान टाकतं.

रीथचं, म्हणजे दारावर लावायच्या किंवा टेबलावर ठेवायच्या हिरव्या फांद्यांच्या गोल कड्याचं, काम हातांचं. फर आणि पाइनच्या फांद्या वितीएवढ्या कापायच्या, तीन-तीनचे झुबके करायचे, कड्यावर एकावर एक ठेवत तारेने आवळायचे. चीक बोटांना असा धरतो की नुसत्या साबणाने सुटत नाही, आधी खायचं तेल चोळावं लागतं. अ‍ॅडव्हेंट म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, तो सुरू होतो नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे त्या काळासाठीचं चार मेणबत्त्यांचं रीथ त्याआधी तयार पाहिजे, त्यामुळे नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आम्ही मान वर करत नाही. आता आम्ही सजावटीत फुलांचे दांडे खोचायचा हिरवा फोमही बंद केलाय. ते प्लास्टिकच आहे, चुरा होऊन पाण्यात जातं, ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत ते बंद केलंय आणि मला ते शंभर टक्के पटतं. पण जाळी आणि शेवाळ वापरून सजावट करायला वेळ जास्त लागतो हेही खरं.

म्हणून त्या ताईंना आणि सगळ्याच वाचकांना कळकळीने सांगते, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन करा. फूल कुठलं हे ठरलं नसेल तरी चालेल, फक्त तारीख, रंग आणि ते टेबलावर ठेवायचं की दारावर लावायचं एवढं सांगा, बाकी आम्ही बघतो. लाल गुलाबच पाहिजे असेल तर तेवढं मात्र नक्की सांगून ठेवा. आणि पॉइन्सेटिया घरी नेलं की भोवतीचा कागद त्याच दिवशी काढा, गुंडाळून ठेवलं तर पानं लोंबतात. झाड मूळचं मेक्सिकोचं, १० अंशाखालची थंडी त्याला बाधते, तर उघड्या खिडकीत ठेवू नका, आणि कुंडीला चमकी कागद असेल तर त्याला खालून भोकं पाडा, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात.

आपली,
एक फूलविक्रेती