तीन दिवसांची नोटीस

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लगेच द्यायला हवं होतं, पण तुझा प्रश्न दोन ओळींत आटपण्यासारखा नाही. ‘बँक बुडायला लागली की सरकार धावत येतं, कारखाना बुडाला की तिकडे कोणी फिरकतही नाही. तू हिशेबातला माणूस, तूच सांग असं का?’ तू चिडून लिहिलंयस हे अक्षरावरूनच कळलं. चिडायचा हक्क तुला आहे. शिवाय मलाही तुला एक गोष्ट सांगायची आहे, इतकी वर्षं पोटात ठेवलेली. ती शेवटी लिहितो.

२००८चा सप्टेंबर आठव. १५ तारखेला, सोमवारी, लेहमन ब्रदर्स या अमेरिकेतल्या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलर देऊ केले. मग ७०० अब्ज डॉलरच्या मदतीचं विधेयक आलं. २९ सप्टेंबरला अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने ते फेटाळलं, त्या दिवशी तिथल्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला, आणि ३ ऑक्टोबरला त्याचा कायदाही झाला. १३ ऑक्टोबरला अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी नऊ बड्या बँकांच्या प्रमुखांना बोलावून घेतलं आणि त्याच दिवशी १२५ अब्ज डॉलरच्या व्यवहारावर त्यांच्या सह्या झाल्या. सगळं मिळून महिनाही लागला नाही.

तुला आवडणार नाही, पण मला वाटतं ते सांगतो. बँका वाचवायलाच हव्या होत्या. एका बँकेचं दुखणं दुसरीला लागतं, आणि तेही एका दिवसात. लेहमन बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी रिझर्व्ह प्रायमरी नावाच्या, लोकांचे पैसे थोड्या मुदतीसाठी कर्जाऊ देणाऱ्या फंडातल्या एक डॉलरच्या युनिटची किंमत ९७ सेंटवर आली, कारण त्या फंडाकडे लेहमनचे कर्जरोखे होते. फरक तीनच सेंटचा. पण लोकांनी असल्या फंडांतून धडाधड पैसे काढले, आणि ज्या मोठ्या कंपन्या या फंडांकडून महिना-दोन महिन्यांसाठी उसने घेऊन पगार भागवत, त्यांची नड भागवणारं कोणी उरलं नाही. म्हणजे बँकांचं सावरलं नसतं तर कारखाने आणखी लवकर बंद पडले असते.

कारखाना असा एका रात्रीत मरत नाही. आधी ओव्हरटाइम जातो, मग तिसरी पाळी, मग कॅन्टीनमधला एक माणूस कमी होतो. त्यातल्या कुठल्याच दिवशी बातमी होत नाही, आणि होते तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. सरकारं धावतात ती घाबरून धावतात. कारखान्याला कोणी घाबरत नाही.

माझा राग वेगळ्या जागी आहे. त्या नऊ बँकांना पैसा देताना ‘यातून एवढं कर्ज उद्योगांना द्याच’ अशी अट घातली गेली नाही. लोकांना सांगितलं होतं की पतपुरवठा चालू राहावा म्हणून हा खर्च आहे. करारात मात्र त्याचं बंधन नव्हतं. पैसे घ्यायचे तर प्रमुखाने खुर्ची सोडायची, असंही कोणाला सांगितलं नाही. आणि जनरल मोटर्स ही मोटारी बनवणारी कंपनी हात पसरून आली तेव्हा? मार्च २००९मध्ये तिच्या प्रमुखाला, रिक वॅगनर यांना, जावं लागलं. कामगारांनी वर्षानुवर्षांच्या सवलतींवर पाणी सोडलं. १ जूनला कंपनी दिवाळखोरीत गेली आणि काही कारखान्यांना कुलपं लागली. विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलचा कारखाना तर त्याआधीच थांबला होता. १९२३पासून तिथे शेवरोले गाड्या बनत होत्या, शेवटची गाडी बाहेर पडली ती २३ डिसेंबर २००८ला, नाताळच्या दोन दिवस आधी. खरं सांगायचं तर बँकांना दिलेला पैसा लाभांशासकट परत आला, उलट जास्तच आला, आणि जनरल मोटर्समधले दहा अब्जांहून जास्त डॉलर सरकारचे बुडाले. पण अटींचे वजनकाटे दोघांना दोन वेगळे होते, हे मला आजही गिळवत नाही.

एका कारखान्याची गोष्ट मात्र तुला सविस्तर सांगतो. शिकागोत रिपब्लिक विंडोज अँड डोअर्स नावाचा खिडक्या-दारं बनवणारा कारखाना होता. घरबांधणी थंडावली आणि मागणी आटली. असल्या धंद्यात पैसा कसा फिरतो ते तुला ठाऊक आहेच. काच, ॲल्युमिनियम आधी घ्यायचं, पगार वेळेवर द्यायचे, आणि माल घेणारा दोन-तीन महिन्यांनी पैसे देणार. मधली फट बँकेचं लिमिट, म्हणजे ठरलेल्या रकमेपर्यंत लागेल तसं उचलता येणारं कर्ज, भरून काढतं. ते लिमिट बँक ऑफ अमेरिकाने बंद केलं. याच बँकेच्या नावावर तोवर मदतीचे २५ अब्ज डॉलर लागलेले होते.

२ डिसेंबर २००८ला कामगारांना सांगण्यात आलं की शुक्रवारी, ५ तारखेला, कारखाना बंद होतोय. तीन दिवस. तिथला कायदा म्हणतो साठ दिवसांची नोटीस द्या, नाहीतर साठ दिवसांचा पगार द्या. दोन्ही नव्हतं. साचलेल्या रजेचे पैसेही मिळणार नव्हते.

पण या लोकांना सुगावा आधीच लागला होता, आणि तो कागदावरून लागला नव्हता. रात्री यंत्रं हलत होती. संध्याकाळी जागेवर असलेलं मशीन सकाळी नाही, खाली फक्त बोल्टची भोकं. काहीजणांनी तर ट्रकचा पाठलाग करून माल कुठे जातोय ते पाहिलं. मालक आयोवात दुसरा कारखाना उभारत होता. म्हणून सगळं खापर बँकेवर फोडणं बरोबर नाही. त्या मालकावर पुढे खटला चालला आणि २०१३मध्ये त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

शुक्रवारी पाळी सुटली आणि सुमारे अडीचशे माणसं घरी गेलीच नाहीत. आळीपाळीने आत बसून राहिली. उरलेली यंत्रं आणि तयार खिडक्या बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, एवढंच. मारामारी नाही, मोडतोड नाही. बसायच्या आधी जागा झाडून घ्यायची, हेही त्यांनी सोडलं नाही. बाहेर थंडीत लोक फलक घेऊन उभे होते. फलकावरचं वाक्य आपल्या भाषेत आणायचं तर, ‘बँकांना तारलं, आम्हाला मारलं.’ अध्यक्षपदी नुकतेच निवडून आलेले ओबामा जाहीरपणे म्हणाले की हे कामगार मागतात ते त्यांच्या हक्काचंच आहे. सहा दिवसांत तडजोड झाली. बँक ऑफ अमेरिकाने साडेतेरा लाख आणि जेपी मॉर्गन चेसने चार लाख डॉलर दिले, ते फक्त कामगारांना देण्यासाठी. साठ दिवसांचा पगार, रजेचे पैसे, दोन महिन्यांचा आरोग्य विमा. १० डिसेंबरला सगळ्यांनी एकमताने होकार दिला.

हा पैसा म्हणजे मोठा विजय होता असं मी म्हणत नाही. नोकऱ्या गेल्याच होत्या. पुढे दुसऱ्या कंपनीने कारखाना घेतला, २०१२मध्ये तिनेही बंद करायचं ठरवलं, लोक पुन्हा आत बसले. शेवटी त्यातल्याच काहींनी पैसे जमवून यंत्रं विकत घेतली आणि २०१३मध्ये न्यू एरा विंडोज नावाने स्वतःची सहकारी संस्था सुरू केली.

आता आपल्या कारखान्याचं. बाहेरच्या ऑर्डरी थांबल्या, पार्ट्यांची पेमेंटं लटकली, गोदामात सुटे भाग पडून राहिले. बँकेने स्टॉकची किंमत कमी धरली आणि लिमिट निम्म्यावर आणलं. माल पुरवणाऱ्यांच्या नावाचे, साहेबांनी सही केलेले अकरा चेक माझ्या टेबलाच्या खणात होते, तारखा घातलेले, पण पाठवायचे नव्हते. तू केबिनच्या दारात येऊन विचारायचास, ‘लोखंडी बार कधी येतायत रे? लेथ रिकामे आहेत.’ मी म्हणायचो, ‘उद्या.’ एकदा म्हणालो असतो तर गोष्ट वेगळी. मी नऊ दिवस उद्या म्हणालो.

मला माहीत होतं. कारखाना बंद करायचं ठरलंय हे साहेबांनी हिशेबातल्या आम्हा दोघांना तीन आठवडे आधी सांगितलं होतं, आणि बाहेर बोललात तर पैसे मागणारे दाराशी उभे राहतील, कोणालाच काही मिळणार नाही, असं बजावलं होतं. मला ते पटलं. पटवून घेतलं, म्हण.

आणि त्याच आठवड्यात तू घराच्या कर्जासाठी पगाराचा दाखला मागायला आलास. तो दाखला मीच टाइप केला. ‘कायम कामगार’ असं लिहिलं. तू समोरच्या खुर्चीत बसला होतास, खोल्यांना कोणता रंग द्यायचा ते सांगत होतास. मी कागदावर शिक्का मारला, तो नीट उठला नाही म्हणून पुन्हा मारला, आणि तुझ्या हातात दिला.

शिकागोच्या त्या लोकांना तीन दिवस मिळाले म्हणून मी संतापतो. तुला एकवीस दिवस मिळू शकत होते. तू ते कर्ज घेतलं नसतंस. त्याचे हप्ते फेडायला वहिनींचे दागिने गेले, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं, आणि तेव्हाही मी गप्प राहिलो.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. रागावलास तर रागाव, वाट्टेल ते लिही. पण लिही. वहिनींनाही हे पत्र वाचायला दे.

तुझा,
हिशेबातला मित्र